दोन रिमोटचं हेलिकॉप्टर

मी एक जुनं हेलिकॉप्टर आहे. मित्रांनो, लगेच खिडकीतून वर बघू नका. माझ्यात माणूस बसत नाही. उंदीर बसला तरी त्याला पाय दुमडून घ्यावे लागतील. काखोटीला मारून नेता येईल एवढं माझं अंग. डोक्यावर दोन पाती, मागे बारीक शेपूट, शेपटीच्या टोकाला आणखी एक चिमुकला पंखा. जमिनीवर उभं राहून रिमोटनं मला उडवतात. हौस म्हणून. पण मला खेळणं म्हणालात तर आपलं जमायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट, मला स्वस्थ बसवत नाही. विमानाचं बरं असतं. ते एकदा वर गेलं की पंखांवर तरंगत राहतं. चालवणाऱ्यानं मध्येच नाक शिंकरलं तरी त्याचं काही बिघडत नाही. माझं तसं नाही. मी हवेत एका जागी उभा दिसतो ना, तेव्हा खालच्या माणसाचे अंगठे क्षणभरही थांबलेले नसतात. मी डावीकडे घसरतो, तो सावरतो. त्यानं सावरलं की मी पुढे झुकतो. तेवढ्यात वारा शेपटीला धरून ओढतो. एका जागी राहणं हीच आमची सगळ्यात मोठी दगदग. लोक म्हणतात, वा, किती शांत उभं आहे. शांत कसलं, माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. कारखान्यातून मी पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटा सुटा आलो होतो. पिशव्यांमध्ये भरलेले मुंगीएवढे स्क्रू, दांडे, चकत्या आणि एक मोटर. मला जोडणारा माणूस ड्रायव्हिंग शाळेत शिकवायचा. निम्म्या गावाला त्यानं गाडी शिकवली होती, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मीही मास्तरच म्हणतो. मास्तरांनी टेबल असं काही अडवलं की घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. घरातली माणसं म्हणजे ते आणि त्यांची बायको, दोघंच. मैदानावरचे लोक बायकोला वहिनी म्हणत. वहिनी इस्पितळाच्या तपासणी खोलीत काम करायच्या. रक्ताचे थेंब काचेवर पसरायचे, ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि आत काय दिसतं ते डॉक्टरांना कळवायचं. दिवसभर बारीक गोष्टींकडे बघून घरी यावं, तर टेबलावर आणखी बारीक गोष्टी. त्या म्हणायच्या, "तुमचं हे लेकरू टेबलावरून उठणार कधी?"

मास्तर म्हणायचे, "घाई केली तर हवेत सुटं होईल. मग तूच हसशील."

शेवटी उठलो एकदाचा. गावाबाहेर बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे मोठं मोकळं मैदान आहे. तिथे सुट्टीच्या सकाळी माझ्यासारखी हेलिकॉप्टरं घेऊन हौशी मंडळी जमतात. त्यांचा छोटा क्लब आहे. क्लबचा सगळा कारभार एका दातांच्या डॉक्टरकडे. रुंद कडांची टोपी घालून ते सगळ्यांना सूचना देत फिरायचे. त्या मैदानावर मास्तरांनी मला असं उडवलं, असं उडवलं की बघणारे हातातला चहा विसरायचे. मी उलटा व्हायचो, गोल गिरक्या घ्यायचो आणि थेट मास्तरांच्या बुटापुढे येऊन हळूच टेकायचो. लोक टाळ्या वाजवायचे, लहान मुलं हात लावायला धावायची. त्या वर्षांत मी हवेतच होतो म्हणा ना. माझा तोरा काही विचारू नका.

मग हळूहळू काहीतरी बिनसलं. मास्तर मला लांब सोडेनासे झाले. उंच नेईनात, गिरक्या नाहीत. माझी शेपटी कायम स्वतःकडे ठेवून, समोरच्या समोर, पाळलेल्या बकरीसारखं खेळवू लागले. त्यांचा अंगठा उशिरा हलायचा. मी घसरून गेल्यावर सावरायचा, आधी नाही. दंतवैद्य विचारायचे, "मास्तर, आज गिरकी नाही?" मास्तर म्हणायचे, "वारा आहे." वारा नसला की बॅटरी जुनी झालेली असायची, बॅटरी नवी असली की कंबर धरलेली असायची. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. त्याच सुमारास त्यांनी गाडी शिकवणंही सोडलं. "कंटाळा आला लोकांच्या क्लचचा," असं घरी सांगितलं. आणि एके दिवशी मला कपाटावर ठेवून दिलं, ते तिथेच राहिलो.

कपाट म्हणजे काय असतं ते तुम्हांला नाही कळायचं. तुमचा खेळ बंद झाला तर निदान तुम्हांला पाय हलवता येतात. माझ्या पात्यांवर धूळ बसली, धुळीवर कोळी बसला. छतावरचा पंखा माझ्या डोळ्यांदेखत दिवसभर गरगरायचा आणि मी नुसता बघायचो. त्या पंख्याचा मला भयंकर राग यायचा. जागचा हलत नाही आणि फिरतो किती.

मला खाली काढलं ते वहिनींनी. त्या नुकत्याच नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या आणि घरात त्यांचं माझ्यासारखंच चाललं होतं. भांडी दोनदा घासायच्या, पडदे धुवून पुन्हा धुवायच्या. एका सकाळी स्टुलावर चढून त्यांनी मला उतरवलं, फडक्यानं पुसलं आणि मास्तरांच्या वर्तमानपत्रावर आणून ठेवलं.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

मास्तर हसले. "हे फार अवघड असतं गं."

"तुम्ही गाडीच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

मित्रांनो, ही गाडीची गोष्ट मी त्या घरात इतक्या वेळा ऐकली आहे की ती माझ्याच डोळ्यांपुढे घडली असं वाटतं. ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. लग्नानंतर मास्तरांनी वहिनींना गाडी शिकवायला घेतली. समोर सायकल दिसली की मास्तरांचा ब्रेक, वळण आलं की ब्रेक, कुत्रं लांबवर शेपूट हलवताना दिसलं तरी ब्रेक. साप साप म्हणून भुई धोपटणं नुसतं. वहिनींच्या हातून गाडी पुढे जायचीच नाही. शेवटी एका कोपऱ्यावर त्या दार उघडून उतरल्या आणि चालत घरी आल्या. त्यानंतर त्या कधी स्टिअरिंगला शिवल्या नाहीत.

"आता ऐका," वहिनी म्हणाल्या. "मला एकदा, एकच गोष्ट, तुमच्या पायाशिवाय चालवायची आहे. माझ्या हातानं. बाकी आयुष्यात काही मागितलं नाही मी."

मास्तर माझ्याकडे बघत होते. म्हणजे तोंड माझ्याकडे होतं. ते म्हणाले, "बरं. पण वायर लावून शिकायचं."

ही वायर काय असते ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. नव्या माणसाला शिकवताना दोन रिमोट घेतात. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या, आणि दोन्हींमध्ये एक वायर. शिकवणाऱ्याच्या रिमोटवर एक खटका असतो. तो बोटानं दाबून धरला की मी शिकणाऱ्याचं ऐकतो. बोट सुटलं की त्याच क्षणी मी शिकवणाऱ्याचा. शिकणारा चुकला की शिकवणारा बोट उचलतो आणि मला वाचवतो. चांगली सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यात एक गोम आहे. शिकणाऱ्याला कळतच नाही की आता कोण उडवतंय. कळतं फक्त मला.

माझ्या पायांखाली काठ्यांची फुली बांधली, टोकांना प्लास्टिकचे चेंडू लावले, म्हणजे वेडंवाकडं टेकलो तरी कलंडू नये. आणि आम्ही मैदानावर गेलो. वहिनींचा हात पहिल्यांदा लागला तेव्हा मी घाबरलो होतो. नवशिका माणूस घाबरून रिमोटवरच्या, अंगठ्यानं हलवायच्या काठ्या ओढतो, मग माझी पाती शेपटीवर आदळतात, वगैरे. पण वहिनींचा अंगठा हलका होता. केसाएवढा हलायचा आणि थांबायचा. अनेक वर्षं काचा सरकवून तो हात तयार झाला होता. मी बेडकासारख्या उड्या मारल्या, मग टाचेएवढा वर उठलो, मग गुडघ्याएवढा. शेपटी त्यांच्याकडे, नाक पुढे, असा मी वर राहू लागलो. वहिनींच्या कपाळावर घाम यायचा आणि त्या तो पुसायच्या नाहीत.

खरी कसोटी पुढे असते. हेलिकॉप्टरचं नाक उडवणाऱ्याकडे वळलं की डावं-उजवं सगळं उलटं होतं. मी उजवीकडे जावं म्हणून काठी उजवीकडे नेली, तर समोरच्याला मी डावीकडे जाताना दिसतो. इथे भलेभले रडकुंडीला येतात. स्वतः दंतवैद्यांनी या वळणावर किती हेलिकॉप्टरं जमिनीत पेरली होती ते विचारू नका. मास्तरांनी वहिनींना बजावलं, "याला महिने लागतात. निराश व्हायचं नाही."

वहिनींनी माझं नाक वळवलं आणि मी उभा राहिलो. हललोही नाही फारसा.

 दंतवैद्य टोपी वर करून बघू लागले. वहिनी म्हणाल्या, "अहो, सूक्ष्मदर्शकाखाली असंच असतं की. काच उजवीकडे सरकवली की आतलं चित्र डावीकडे पळतं. मी जन्मभर उलटंच हाकलंय."

मी त्या दिवशी इतका खूश होतो की बॅटरी संपूनही उतरावंसं वाटेना. पण माझ्या आनंदात एक खडा होता. वहिनींचा हात बरोबर चाललेला असताना मध्येच तो नाहीसा व्हायचा आणि मास्तरांचा हात यायचा. काही कारण नाही. मी जरा कललो की आलेच मास्तर. मला दोन्ही हात ओळखू येतात, मित्रांनो. वहिनींचा हात विचारून हलतो, मास्तरांचा हुकूम सोडतो. वहिनींना वाटायचं आपणच उडवतोय. त्या घरी जाताना रिक्षात मला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "आज तुम्ही एकदाही मध्ये आला नाहीत ना?" आणि मास्तर म्हणायचे, "छे."

क्लबमध्ये एक रीत आहे. ज्याला वायरशिवाय उडवायचं असेल त्यानं सगळ्यांसमोर हेलिकॉप्टर मैदानाच्या टोकाला, वारा कळावा म्हणून लावलेल्या चिंध्यांच्या झेंड्यापर्यंत न्यायचं, तिथे नाक स्वतःकडे वळवून धरायचं आणि परत आणून चुन्याच्या चौकोनात टेकवायचं. ते जमलं की गुरू स्वतः वायर काढतो. वहिनींनी परीक्षेचं नाव दिलं. त्याआधी सगळ्यांसमोर एक सराव करायचं ठरलं. दंतवैद्य म्हणाले, "वहिनी, मी मोबाईलवर चित्रीकरण करतो. घरच्यांना दाखवा." त्या दोघांच्या बाजूला उभे राहिले, दोघांचे हात आणि पलीकडे आकाश दिसेल असे.

वहिनींनी मला मैदानाच्या टोकाला नेलं. तिथे मला वळवलं. ऊन माझ्या मागे होतं, त्यामुळे खालून मी नुसता काळा ठिपका दिसत असणार. वारा जरासा आला आणि मी त्यांच्या डावीकडे कललो. किरकोळ. वहिनींचा अंगठा लगेच हलला, अगदी जसा हलायला हवा होता तसा, उलट्या अंगानं. आता सावरणार, तेवढ्यात त्यांचा हात नाहीसा झाला. मास्तर आले. आणि मास्तरांनी मला अशी काठी दिली, जशी शेपटी आपल्याकडे असताना देतात.

माझं नाक कुठे आहे हेच त्यांना दिसत नव्हतं.

मी आणखी कललो. त्यांनी आणखी जोरात तीच काठी दिली. मला ओरडावंसं वाटत होतं, मास्तर, उलटं, उलटं. पण माझ्या तोंडात घरघरीशिवाय काही नाही. मी आडवा झालो आणि जमिनीत घुसलो. एक पातं लांब उडालं, मुख्य दांडा वाकला, पायांची फुली मोडली.

सगळे धावत आले. दंतवैद्य म्हणाले, "होतं हो वहिनी, या वळणावर सगळ्यांचं होतं." वहिनी माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी मास्तरांकडे मान वर करून पाहिलं. "मी काय केलं?"

मास्तरांचं बोट अजून खटक्याच्या वर, हवेत होतं. ते म्हणाले, "तू उलटं दिलंस."

मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. वड्याचं तेल वांग्यावर. वहिनींनी आपल्या हातांकडे पाहिलं, तळवे उलटे-सुलटे करून. मग पदरानं माझ्यावरची माती पुसली आणि मला उचलून रिक्षात नेऊन ठेवलं.

घरी मी पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून राहिलो. वहिनींनी परीक्षेतून नाव काढून घेतलं. दंतवैद्यांचा फोन आला तर म्हणाल्या, "नाही हो, आता वय झालं. हाताला कळत नाही उलटं-सुलटं." जन्मभर ज्या हातांनी लोकांचं रक्त वाचलं, त्या हातांवरचा त्यांचा भरवसा गेला होता. सुईत दोरा ओवताना हात थांबायचा. चहा गाळताना म्हणायच्या, "बघा, सांडला." पूर्वीही सांडायचा, पण तेव्हा त्या हसायच्या. मला खोक्यात बसून हे सगळं ऐकू यायचं आणि माझी मोटर बंद असतानाही माझ्या अंगात घरघर सुरू व्हायची. सांगायला तोंड नाही आणि गप्प राहायचा स्वभाव नाही, अशी कात्रीत सापडलेली वस्तू तुम्ही पाहिली नसेल.

मास्तरही स्वस्थ नव्हते. सारखे खोक्याजवळ यायचे. "ऐक ना," म्हणायचे आणि वहिनींनी "काय?" म्हटलं की "काही नाही, चहा करू का?" विचारायचे. त्या आठवड्यात त्यांनी इतका चहा केला की दूधवाल्याला शंका आली असेल.

एका दुपारी त्यांनी मला टेबलावर घेतलं आणि दुरुस्त करायला बसले. एक स्क्रू टेबलक्लॉथवर पडला. त्यांच्या पुढ्यातच पडला, पांढऱ्या कापडावर, स्वच्छ उजेडात. मास्तर बोटांनी चाचपत राहिले. डावीकडे, उजवीकडे, ताटाखाली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं.

त्यांच्या हातात मोबाईल होता. दंतवैद्यांनी चित्रीकरण पाठवलं होतं. त्या आत येऊन समोर बसल्या आणि ते लावलं. मला आवाज आला, माझाच. घरघर, मग वारा, मग आदळल्याचा आवाज. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा आदळलो. तिसऱ्यांदा मी आदळणार तेवढ्यात त्यांनी ते थांबवलं आणि फोन मास्तरांच्या पुढे सरकवला.

"माझा अंगठा डावीकडे आहे," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. तुमचं बोट खटक्यावर नाही. आणि तुमचा अंगठा उजवीकडे. तुम्ही उडवत होतात."

मास्तरांनी फोनकडे पाहिलं नाही.

"बघा की."

"दिसत नाही मला," मास्तर म्हणाले.

"चष्मा देऊ?"

"चष्म्यानं नाही दिसत. मधलं सगळं गेलंय. कडेचं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझे कान दिसतात, केस दिसतात. चेहऱ्याच्या जागी धूर."

वहिनींनी फोन उचलून पालथा ठेवला. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. ते म्हणाले, परत येत नाही. गाडी सोडा. सोडली ना मग."

"क्लचचा कंटाळा."

"हो."

"आणि मैदानावर तुम्ही मला सगळ्यांसमोर सांगितलंत की मी उलटं दिलं."

"सगळे बघत होते गं. मला माझं बोट सुटलेलं कळलं, आणि मी… मला वाटलं, तुला काय, शिकाऊ माणूस पडतोच. मी पडलो तर मला तिथे कोण उभं करेल?"

"मी केलं असतं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या रडत होत्या. "तुमच्याबरोबर रोज मीच उभी असते ना? तुम्हांला तुमचे डोळे लपवायचे होते, म्हणून तुम्ही माझे हात मोडलेत. आठवडाभर मी चमचा धरायला घाबरतेय. डोळ्यांचं मला सांगितलं असतंत तर मी तुमच्याजवळ बसून रडले असते. आता मला रागही येतोय आणि रडूही, आणि आधी काय करू तेच कळत नाही."

मास्तरांनी टेबलावर हात पुढे केला. तो वहिनींच्या हाताजवळ पोहोचला नाही, बाजूला गेला. वहिनींनी तो लगेच उचलला नाही. मग उचलला.

"तुझे हात चांगले आहेत," मास्तर म्हणाले. "माझे चांगले होते तेव्हाही नव्हते इतके. पहिल्या दिवशीच कळलं मला."

"ते मला सांगून काय उपयोग? मैदानावर सांगा. सगळे असताना."

त्यानंतर मला वहिनींनी दुरुस्त केलं. सूक्ष्मदर्शकाजवळचा आपला जुना चिमटा काढला. नवा दांडा आणला आणि आरशावर गडगडवून पाहिला, कारण दांडा वाकडा असेल तर काचेवर लंगडत जातो. नवी पाती तराजूसारखी टांगून बघितली. एक हलकं भरलं, तर त्याला चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला, म्हणजे दोन्हींचं वजन सारखं. मास्तर शेजारी बसून सांगत होते, कुठला स्क्रू आधी. ते सगळं त्यांना बोटांनी पाठ होतं. टेबल पुन्हा अडलं आणि दोघं पुन्हा मांडीवर ताट घेऊन जेवली.  चहा दोघांपैकी कुणीही सांडला तरी आता त्याचा बाऊ होत नव्हता.

परीक्षेच्या सकाळी मैदान भरलं होतं. वहिनींनी मला गवतावर ठेवलं आणि मागे सरून उभ्या राहिल्या. वाट बघत होत्या. मास्तरांनी घसा खाकरला. एकदा नाही, चांगला तीन-चारदा. मला वाटलं, आता चहाच विचारतात की काय.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "गेल्या वेळी हेलिकॉप्टर मी पाडलं. हिनं नाही. ही बरोबर होती. मला दिसत नाही म्हणून मी चुकीचं सावरलं. आणि वर खोटं बोललो."

 एकानं खोकल्यासारखं केलं. दंतवैद्यांनी टोपी काढली आणि उगाच तिची कड झटकत राहिले. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुम्ही मला इतकी वर्षं शिकवलंत आणि मी तुम्हांला गिरकी का नाही म्हणून विचारत बसलो." मग वहिनींकडे वळून म्हणाले, "वहिनी, नियमाप्रमाणे आधी वायर लावूनच उडवावं लागेल. माझा रिमोट जोडू?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "माझे गुरू हे. यांना दिसत नाही, म्हणजे वायरला दुसरं टोक नाही. मोडलं तर माझं मोडेल."

दंतवैद्य सूतगिरणीच्या धुराड्याकडे बघू लागले. नियम बनवणाऱ्या माणसाला कधी दुसरीकडे बघायचं हे कळलं तर तो माणूस चांगला. वहिनींनी रिमोट हातात घेतला. त्यांच्या हातात असताना पहिल्यांदाच मला सावरायला दुसरं कुणी नव्हतं. मला इतकी भीती आजवर कधी वाटली नव्हती आणि इतकी हौसही.

मी उठलो. मैदानाच्या टोकाला गेलो. मास्तर वहिनींच्या शेजारी उभे होते, हात रिकामे, बोटं पँटच्या शिवणीवर. त्यांनी विचारलं, "कुठे आहे?"

"चिंध्यांच्या झेंड्याच्या वर. आता वळवते."

"नाक?"

"आपल्याकडे. आता आपल्याकडे आहे."

वारा आला. मी कललो. मास्तरांना माझ्या आवाजावरून कळलं, कारण त्यांचा उजवा अंगठा शिवणीवर हलला. वहिनींनी काठी दिली. मी सरळ झालो. मी तिथे उभा राहिलो, मित्रांनो, नाक त्यांच्याकडे करून, आणि समोर ती दोघं बारीक दिसत होती. मग वहिनींनी मला परत वळवलं आणि माघारी आणायला लागल्या. चौकोन जवळ आला. लोक टाळ्या वाजवायला हात वर करून तयार होते.

तिथे वहिनींनी माझ्यावरून नजर काढून मास्तरांकडे पाहिलं. एवढंच. क्षणभर. माझी शेपटी खाली गेली, उंच गवतात अडकली, आणि मी चुन्याच्या चौकोनाच्या अलीकडेच भेलकांडून आडवा झालो. पातं तुटलं. शेपटी काटकीसारखी मोडली.

 मास्तरांनी आवाज ऐकला होता. त्यांनी आपले दोन्ही रिकामे हात वर उचलले, जणू त्यात काही असेल. "मी काही केलं का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "हे माझं. अथपासून इतिपर्यंत माझं. मीच उडवलं आणि मीच पाडलं."

मास्तर खाली बसले आणि गवतात चाचपून माझं पातं शोधू लागले. वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. परीक्षेत त्या नापास झाल्या होत्या. त्या पुढच्या वेळी पुन्हा देणार आहेत, आणि त्यानंतर गाडीही शिकणार आहेत, दुसऱ्या एका शाळेत, अनोळखी माणसाकडे. मास्तरांना दवाखान्यात आता त्याच नेणार ना.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हांला जपा, पुसून ठेवा, फेकू नका. मीही सांगतो, कपाटावर तर मुळीच ठेवू नका. पण मला खरं मागायचंय ते वेगळं आहे. पुढेमागे तुम्हीही कुणाला काहीतरी शिकवाल. तेव्हा तुमच्या हातातही एक खटका असेल. तुम्हांला दिसत नसेल तर तसं सांगा, त्यात लाज नाही. आणि ज्याला शिकवाल, त्याला पडू द्या. त्याचं उडणं त्याचं असतं, तसं त्याचं पडणंही त्याचंच असतं. ते त्याच्याकडून काढून घेऊ नका.